तुझा फॉन्ट न्यायचा राहून गेला

आई, तुझा कॉम्प्युटर मागच्या महिन्यात कबाडीवाल्याला देऊन टाकला. मयूर विहारच्या आपल्या सोसायटीच्या गेटपर्यंत मी त्याच्या हातगाडीमागून चालत गेले. का गेले ते माहीत नाही. पिवळट पडलेला तो डबा, शेजारी कुणाचा तरी गंजलेला कूलर आणि वर उपडी घातलेली प्लास्टिकची बादली. बाबा वर गॅलरीत उभे होते. त्यांनी हात हलवला, मला की गाडीला ते कळलं नाही. डबा रिकामा होता. आतली हार्ड डिस्क मी आदल्या दिवशीच काढून घेतली आणि बाबांच्या एका लोकरी मोज्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, अजून तिथेच आहे. त्याआधी तिला रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून दोन दिवस समोर बसले होते. बाबांच्या पाण्याच्या टाकीच्या नोटिसा निघाल्या, फोटोंतले अर्धेमुर्धे चेहरे निघाले, तुझं काहीही निघालं नाही. तुझं त्यात का नाही, हे एका माणसाला सांगायला हवं आहे, आणि तो माणूस पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसला आहे. त्याच्याकडे जायचं सोडून मी सोळा वर्षांपूर्वी गेलेल्या बाईला पत्र लिहिते आहे.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. तू दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा मी "कंप्यूटर का काम है" एवढंच म्हणाले. मी बँकांची जुनी माहिती नव्या कॉम्प्युटरांवर हलवते. घर बदलण्यासारखंच आहे, फक्त सामान डोळ्यांना दिसत नाही. माझ्या टीममध्ये कुणी नवीन आलं की पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: नव्या जागी सगळं पोचलं, उघडलं, वाचून पाहिलं, अशी खात्री होईपर्यंत जुन्या जागेला हात लावायचा नाही. हे मी इतक्या कडक आवाजात सांगते की पाठीमागे माझी नक्कल होते, मला ठाऊक आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझाच. परक्या लोकांच्या एका अक्षराला आजवर धक्का लागू दिला नाही.

तुझं काम मात्र मला पाठ होतं, कारण ते ऐकू यायचं. लहानपणी शाळेला सुट्टी असली की तू मला मिनिस्ट्रीत घेऊन जायचीस. हिंदी टायपिंगच्या त्या लांबट खोलीत सगळ्या बायकांचे टाइपरायटर एकदम वाजायचे आणि त्यातला तुझा कुठला ते मी डोळे मिटून सांगायचे. तुझी नजर कागदावरून हलायची नाही. बोटांना सगळं माहीत होतं. लग्न करून साताऱ्याहून दिल्लीला आलेली मुलगी, मराठी टायपिंगची परीक्षा पास, देवनागरी येते म्हणून हिंदीच्या टेबलावर बसवली, आणि मग तीस वर्षं तू दुसऱ्यांच्या सह्यांसाठी दुसऱ्यांची पत्रं बडवलीस. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्या बायका घाबरल्या होत्या, पण त्यांच्यासाठी असा फॉन्ट आला की टाइपरायटरवर जिथे 'म' होता तिथेच तो कॉम्प्युटरवरही यायचा. बटणावर इंग्रजी अक्षर, बोटाखाली 'म'. आतून तो कॉम्प्युटर इंग्रजी अक्षरंच साठवायचा, फॉन्ट त्यांना वरून देवनागरीचे कपडे चढवायचा. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. मी कॉम्प्युटरवाली आहे, आणि मी तुझ्या मांडीवर बसून ती बटणं दाबली आहेत.

निवृत्त झालीस आणि बाबांनी नेहरू प्लेसहून हा कॉम्प्युटर जोडून आणला. आणला सोसायटीसाठी, कारण ते सेक्रेटरी झाले होते आणि लिफ्ट बंद राहील, गाड्या नीट लावाव्यात, असल्या नोटिसा एका बोटाने इंग्रजीत टाइप करण्यात त्यांची सकाळ जायची. ऑफिसात तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण आपल्याच सोसायटीत राहते, तिने तुला तो फॉन्ट फ्लॉपीवर आणून दिला. बाबांचं आटोपलं की दुपारी तू बसायचीस. तोवर माझी नोकरी बंगळुरूला होती, तिथून फोन केला की मागे खटखट थांबल्याचा आवाज यायचा. काय करतेस, हे मी कधी विचारलं नाही. ते तरी कुठल्या भाषेत विचारणार होते?

तो दिवस तू विसरली नसशील. त्याआधीही आपलं स्वयंपाकघरात रोज वाजायचंच. तू म्हणायचीस, "उलथनं दे गं," आणि मी नुसती उभी. "म्हणजे?" "म्हणजे काय म्हणजे? पोळी उलटायचं ते!" "अच्छा, पलटा!" मग तू माझ्या हातातून ते अशा चेहऱ्याने घ्यायचीस की जणू मी शेजारणीचं उचलून आणलंय. मी दिवसातून वीस वेळा "म्हणजे?" विचारायचे आणि तू वीस वेळा वैतागायचीस. पण तो दिवस वेगळा. पुण्याहून तुझा मामेभाऊ आणि वहिनी आले होते. मी चोवीस वर्षांची, पहिली नोकरी, अंगात हत्तीचं बळ. वहिनींनी विचारलं, कुठे शिकलीस गं? मी म्हटलं, "माझी सगळी शिक्षा दिल्लीतच झाली." वहिनी पटकन म्हणाल्या, "अगं बाई, मग सुटलीस कधी?" सगळे हसले. बाबांना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसू आलं. मीही हसले, काय झालं ते न कळता. तू एकटी हसली नाहीस. मी कप घेऊन आत आले तेव्हा तू हळू आवाजात म्हणालीस, "शिक्षण म्हणतात. शिक्षा गुन्हेगाराला होते. दिवसभर मी पोटासाठी दुसऱ्याची भाषा बडवते, तीच घरी येऊन पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकायची का? तुझ्या तोंडात आपली भाषा भाड्याने राहते गं. कधीही सामान उचलून निघून जाईल."

मी ट्रे ओट्यावर आपटला. "ठीक है. अब से मैं हिंदी में ही बोलूँगी. खुश?" बोलून गेले, आणि मग तेच धरून बसले. हट्टात मी तुझी मुलगी, तुझ्याहून काकणभर सरसच. सात वर्षं, आई. तू मराठीत विचारायचीस आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. बाबांशी मात्र मराठीत बोलायचे, तेही तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आता हे लिहिताना माझी मलाच किळस येते. बाहेरच्यांना वाटायचं दिल्लीतली पोर आहे, चालायचंच. आपल्या दोघींना माहीत होतं ते काय आहे. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी एसी फार होता. नाकात नळी, आणि तू मला विचारलंस, "थंडी वाजतेय का गं तुला?" मी म्हटलं, "नहीं, ठीक है." तुझ्याशी बोललेले हे माझे शेवटचे शब्द.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, कॉम्प्युटर फार रखडतो, तू जायच्या आधी काहीतरी कर, म्हणजे तुला व्हिडिओवर बघता येईल. माझं विमान संध्याकाळचं होतं. मी सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. जुना कॉम्प्युटर पुसायचा, नव्याने सगळं घालायचं, मग सामान परत ठेवायचं, असा बेत. पुसण्याआधी लॅपटॉपवर एकेक फोल्डर उघडून बघितलं. फोटो ठीक. बाबांच्या सोसायटीच्या नोटिसांच्या दोन-चार फायली उघडल्या, ठीक. तुझ्या नावाच्या फोल्डरात चाळीसेक फायली होत्या. पहिली उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा, मध्येच कंस, मध्येच डॉलरचं चिन्ह. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. माझ्या लॅपटॉपवर तुझा फॉन्ट नव्हता, एवढंच झालं होतं. फायली नेल्या आणि त्यांची अक्षरं तुझ्या कॉम्प्युटरवर मागे राहिली. तिथे, त्याच टेबलावर, हातभर अंतरावर तो कॉम्प्युटर अजून चालू होता. त्याच्यावर एक फाईल उघडून बघितली असती तर तू समोर आली असतीस. मी तो फोल्डर लॅपटॉपवरून डिलीट केला आणि मग जुना कॉम्प्युटर पुसला.

बाबा दारात उभे होते. म्हणाले, "अगं, ती दुपारी काहीतरी लिहीत बसायची. मला दाखवायची नाही, झालं की दाखवीन म्हणायची. सापडलं तर मला दे हं." मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "व्हायरस होता बाबा, सगळं खराब झालंय. काही नाही त्यात."  ते म्हणाले, "व्हायरस. बरं." तुला माहीतच आहे बाबांचं 'बरं'. त्यात काहीही मावतं. त्यानंतर सोळा वर्षांत त्यांनी विचारलं नाही. मी मात्र ते वाक्य इतक्या वेळा मनात म्हटलं की ते खरंच वाटायला लागलं.

आता बाबांना एकटं ठेववत नाही. मध्यंतरी दूध उतू जाऊन गॅस विझला आणि त्यांना पत्ता नाही. म्हणून त्यांना गुरुग्रामला माझ्याकडे आणायचं ठरलं, आणि मागच्या महिन्यात मी आठवडाभर रजा काढून घर आवरायला गेले. कॉम्प्युटर शेवटी काढला. या वेळी मी घाई केली नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी घाई आपोआप कमी होते. बाबांच्या सोसायटीच्या फोल्डरातली एकेक नोटीस उघडत बसले होते, ठेवायची की नाही बघत. लिफ्ट. पार्किंग. होळीला गच्चीवर पाणी नेऊ नये. आणि मग एक फाईल उघडली तर तोच चिवडा. तेच कंस, तोच डॉलर. सोळा वर्षांपूर्वी पुसताना तुझा फॉन्टही त्यातून गेला होता. बाबांचं टाइप करून झाल्यावर तू लगेच बसली असशील आणि कॉम्प्युटरने तुझंही शेवटच्या उघड्या फोल्डरात, नोटिसांत, ठेवून दिलं असेल. तुझी छोटीशी चूक, म्हणून ती एक फाईल माझ्या हातून वाचली.

तेवढ्यात तुझी मैत्रीण आली. बाबांना निरोपाचा डबा घेऊन आली होती, राजमा आणि भात. आंटी आता ऐंशीच्या पुढे आहेत, वॉकर घेऊन चालतात, पण जीभ तशीच धारदार. माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, ये तो हमारा वाला है."

"नहीं आंटी, करप्ट है. इसमें कुछ नहीं है."

"चुप कर. करप्ट! तेरी माँ के बगल में बाईस साल बैठी हूँ मैं. हट, कुर्सी दे."

बसल्या. चष्मा पुसला. मग दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले आणि स्क्रीनवरची अक्षरं बघत टेबलाच्या लाकडावर बोटं चालवायला लागल्या. जिथे बटणंच नाहीत तिथे. ओठ हलत होते. त्या सगळ्या चिवड्यात मला एकच शब्द शब्दासारखा दिसत होता: एम, ई, टी. इंग्रजी 'मेट'. कुणीतरी कुणाला तरी भेटलं, एवढंच. आंटींची तीन बोटं एकामागून एक आपटली. "उ... म... ज. उमज. ये क्या होता है, बेटा? तुम लोगों का कोई शब्द है?"

मी नुसती मान हलवली. आंटी पुढे चालल्या. एका ओळीला मिनिटभर लागत होतं. अर्थ कळत नसलेली भाषा त्या बोटांनी वाचत होत्या, 'पोळी'चं 'पोली' करत, आणि त्यांच्या दिल्लीच्या हेलातून तुझी वाक्यं बाहेर येत होती. "समज शाळेत येते. उमज मागाहून येते. तिला येईल." एवढं वाचून त्यांनी मान वळवली. "रो क्यों रही है? क्या लिखा है?"

बाबा मागे उभे होते, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप. कधी आले कळलंच नाही. म्हणाले, "बहनजी, एक बार फिर से पढ़िए." आंटींनी पुन्हा वाचलं. बाबा भरलेल्या खोक्यावर बसले. सामानाचं खोकं त्यांच्या वजनाने चेपलं तरी उठले नाहीत. मला म्हणाले, "हे तिचं आहे. हेच लिहायची ती." मी म्हटलं, हो. "आणि बाकीचं?" खोलीत आंटी होत्या, बांधलेलं सामान होतं, बाबांचा चेहरा सोळा वर्षांत पहिल्यांदा असा उघडा होता. मी म्हटलं, "एवढंच आहे बाबा. एवढंच लिहिलं असेल."

ते म्हणाले, "बरं."

आंटी गेल्यावर मी तुझा फॉन्ट शोधला. सापडायला आणि घालायला दोन मिनिटं लागली, आई. घड्याळ लावून नाही सांगत, पण चहा ठेवला होता आणि तो उकळायच्या आत झालं. सगळी पानं एकदम देवनागरी झाली आणि तू तिथे होतीस. तू शब्दकोश लिहीत होतीस. सगळे 'उ'चे शब्द. मी आयुष्यात ज्या ज्या शब्दाला "म्हणजे?" विचारलं, तो प्रत्येक. पुस्तकी अर्थ एकाचाही नाही, नुसती आपल्या घरातली वाक्यं. "उलथनं म्हणजे पलटा नव्हे. ती पलटा म्हणते. पोळी तरीही उलटते, हे मान्य करायला हवं." "उकिडवं. ती दारात उकिडवी बसून बुटाच्या नाड्या बांधते आणि ऑफिसच्या बसला उशीर झाला म्हणून माझ्यावर ओरडते." "उसंत. ह्यांची नोटीस संपली की मला मिळते ती." "उगीच. हिंदीत नेमका शब्द सापडला नाही, तीस वर्षं शोधला. का रडतेस विचारलं की सांगायला बरा." मी हसले, खरंच मोठ्याने हसले. तू एवढी गमतीदार होतीस हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर तू असायचीस ती नेहमी चिडलेली. तसं मीच करून ठेवलं होतं म्हणा.

मग उमाळा आला. म्हणजे तो शब्द आला. "उमाळा. परवा फोन ठेवताना ती चुकून 'निघते गं' म्हणाली. लगेच 'बाय' म्हणाली, पण आधी ते म्हणाली. फोन ठेवल्यावर मला उमाळा आला. ह्यांना सांगितलं नाही, ते तिला सांगतील आणि ती पुन्हा म्हणायची नाही." एवढंच. मला ते आठवत नाही. मी कधी म्हणाले, काय बोलत होतो आपण, काहीच आठवत नाही. सात वर्षांत तुला माझ्याकडून मिळालेले दोन शब्द, तेही माझ्या नकळत, आणि तू ते जपून लिहून ठेवलेस. मी तुझं लिहिलेलं जपलं नाही.

बाबा आता माझ्याकडे आहेत. एकोणिसाव्या मजल्यावरून त्यांना खाली बघवत नाही म्हणून त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. त्यांना मी ती तीन पानं मोठ्या अक्षरांत छापून दिली. रोज जेवणानंतर वाचतात, वाचताना ओठ हलतात. परवा मी त्यांना औषधं द्यायला गेले तर म्हणाले, "मला एक सांग. 'उ'च का?" मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे तिने मधूनच कशी सुरुवात केली? तुझी आई पोळ्यांचं पीठसुद्धा अर्ध्यातून मळायला घ्यायची नाही. ती 'अ'पासून सुरू करणार." मी गोळ्या मोजायला लागले. तीनच होत्या, त्या पुन्हा मोजल्या. बाबा म्हणाले, "तू तेव्हा व्हायरस म्हणाली होतीस." रागाने नाही. दार किलकिलं करून ठेवावं तसं म्हणाले, आता यायचं तर ये. मी म्हटलं, "हो बाबा. त्यातच गेलं असेल." त्यांनी गोळ्या घेतल्या, पाणी प्यायले. "लिहिलं होतं ना पण तिने? सगळं?" "लिहिलं असेल." मी भांडी घासायला निघून आले. आमच्याकडे भांडी घासायचं मशीन आहे, आई. तरी मी ती हाताने घासली.

बाबांना सांगितलं तर ते रागावणार नाहीत, हीच पंचाईत आहे. ते 'बरं' म्हणतील. आणि चूक म्हणून सांगायला मला जमेलही. फॉन्ट नव्हता, मला कळलं नाही, तेरा दिवस झोप नव्हती, संध्याकाळी विमान होतं. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. वर तुलाही मी हे असंच लिहिलं, बघ, व्हायरस वाटला असेल असं तू समजून घ्यावंस अशा बेताने. पण तुझ्या फायलींची नावं काय होती ते मी लिहिलं नाही. तुझा फॉन्ट फाईलच्या नावाला चालत नसे, म्हणून नावं तू इंग्रजी अक्षरांत दिली होतीस. ए. डबल ए. आय. डबल ई. पुढे के-ए, के-एच-ए, जी-ए, जी-एच-ए. कॉम्प्युटर इंग्रजीच्या क्रमाने लावून तुझा क्रम मोडेल म्हणून प्रत्येकाच्या आधी आकडा. एक, दोन, तीन, चार, आणि एकदम सहा. पाचवी जागेवर नव्हती हेसुद्धा माझ्या लक्षात आलं होतं, माझा धंदाच तो आहे. सगळी नावं मी वरपासून खालपर्यंत वाचली होती. क, ख, ग, घ, मनातल्या मनात, शाळेच्या चालीवर.

व्हायरसला मुळाक्षरं येत नाहीत, आई. ते तू काहीतरी लिहिलेलं आहे, मराठीत आहे, अ पासून ज्ञ पर्यंत आहे, हे मला त्या क्षणी कळलं होतं. मला वाटलं, ही गेल्यावरसुद्धा माझी भाषा सुधारायला बसली आहे. आणि मी बटण दाबलं.